हवापालटाचें थोतांड

मे महिना जवळ आला कीं आमच्या सुशिक्षित घरांतून एकच प्रश्न ऐकूं येऊं लागतो: यंदा हवापालटाला कोठें जावयाचें? महाबळेश्वर, माथेरान, पांचगणी अशीं नांवें निघतात, खोल्या ठरतात, मोटारी ठरतात, आणि आठ दिवसांनीं मंडळी थोडी काळवंडून व बरीचशी लठ्ठ होऊन परत येते. हवा कशी काय होती, असें शेजारी विचारतात. उत्तम होती, असें उत्तर मिळतें. हवा उत्तम होती याबद्दल माझी तक्रार नाहीं. शहरांतल्या धुरापेक्षां ती केव्हांही बरी. परंतु नुसती हवा खाऊन प्रकृति सुधारते ही जी समजूत आपण पिढ्यान्‌पिढ्या उराशीं धरली आहे, तिजवर मात्र माझा रोष आहे, आणि तो आज स्पष्ट शब्दांत बोलून दाखविण्याचें मीं योजिलें आहे.

ही समजूत आपली नव्हे, उसनी आहे. १८२८-२९ च्या सुमारास गव्हर्नर माल्कम यानें महाबळेश्वरास गोऱ्या लोकांसाठीं ठाणें वसविलें. १८५० मध्यें ठाण्याचा कलेक्टर मॅलेट माथेरानचा डोंगर चढून गेला व त्यामागून तेथें बंगले उठले. ताप हा दलदलींतून उठणाऱ्या दूषित हवेनें येतो असा जुन्या वैद्यकाचा सिद्धांत होता. 'मलेरिया' या मूळच्या इटालियन शब्दाचा अर्थच मुळीं वाईट हवा. तेव्हां उंचावरच्या चांगल्या हवेंत जाऊन राहणें हा उपाय त्या सिद्धांतास धरूनच होता. पुढें १८९७ मध्यें रोनाल्ड रॉस यानें सिकंदराबादेस डांसाच्या पोटांत हिवतापाचा जंतु पाहिला आणि हवा निर्दोष सुटली. क्षयरोग्यांना पांचगणीस पाठवीत, तेंही १९४३ मध्यें स्ट्रेप्टोमायसिनचा शोध लागल्यानंतर हळूहळू मागें पडलें. सिद्धांत गेला, रोगी गेले, साहेब गेले. सुटी तेवढी राहिली.

आणि त्या सुटींत आपण करतों काय? उशिरां उठावें, भरपूर न्याहारी करावी, मोटारींत बसून एका पॉइंटावर जावें, मोटारीपासून कठड्यापर्यंतचीं दोनशें पावलें मोठ्या कौतुकानें चालावीं, दरीकडे पाठ करून छायाचित्र काढावें, मक्याचें कणीस खावें, आणि मोटारींत बसून दुसऱ्या पॉइंटावर जावें. वेण्णा तलावावर नाव दुसरा वल्हवितो, टेबललँडवर घोडा आपल्यासाठीं चालतो, आणि संध्याकाळीं सायीबरोबर स्ट्रॉबेरी असतेच. माथेरानांत मोटारीला बंदी आहे, तेव्हां तेथें तरी पाय हालतील असें वाटावें. परंतु तेथेंही आपण युक्ति काढली, ती माणसानें माणसाला ओढण्याची. प्रकृति सुधारण्यासाठीं आलेला धडधाकट गृहस्थ हातरिक्षांत बसला आहे आणि घामानें निथळणारे दोघे-तिघे त्याला चढावरून नेत आहेत, हें दृश्य कित्येक दशकें आमच्या डोळ्यांना खुपलें नाहीं. २०२५ च्या ऑगस्टांत सर्वोच्च न्यायालयाला ती प्रथा सहा महिन्यांच्या आंत बंद करा असें सांगावें लागलें.

कोणी म्हणतील, वर्षभर राबलेल्या माणसानें चार दिवस स्वस्थ बसूंही नये काय? बसावें, खुशाल बसावें. परंतु आमचा मध्यमवर्ग राबतो तो खुर्चीवर, आणि बसून आलेला शीण बसून जात नाहीं.

सिंहगडाचें उदाहरण घेतें, कारण तो माझ्या पायाखालचा आहे. आतकरवाडीपासून माथ्यापर्यंत सुमारें सहाशें मीटरांचा चढ आहे. साठ किलो वजनाचें शरीर एवढें वर न्यावयाचें तर साडेतीनशें-चारशें उष्मांक खर्ची पडतात, आणि गडावर पोंचतांच कांदाभजी, पिठलें-भाकरी व मडक्यांतलें दहीं यांच्या रूपानें ते सव्याज परत मिळतात. म्हणून केवळ वजन उतरविण्याच्या हिशेबानें जो गड चढेल त्याची फसगत ठरलेली आहे. लाभ निराळाच आहे. तास-दीड तास हृदयाला नेहमींपेक्षां पुष्कळ अधिक रक्त खेळवावें लागतें, आणि मांडीचे मोठे स्नायू काम करतांना रक्तांतली साखर ओढून घेतात. उतरणीचें महत्त्व तर फारच थोड्यांच्या ध्यानांत असतें. उतरतांना मांडीचा स्नायु लांबत असतांनाच भार पेलून धरतो. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीं जिना उतरतांना मांडी बोंब मारते ती त्यामुळेंच. परंतु तोच उतार पंधरवड्यानें पुन्हा उतरावा, दुखणें पुष्कळच कमी झालेलें आढळेल. ऑस्ट्रियाच्या आल्प्समध्यें कांहीं लोकांना एकदां नुसतें चढावयास व एकदां नुसतें उतरावयास लावून, उरलेली खेप रोपवेनें करविली होती. तेव्हां नुसत्या उतरण्यानेंही साखर पचविण्याची शरीराची शक्ति सुधारल्याचें दिसून आलें. रायगडच्या रोपवेला नांवें ठेवणाऱ्यांत मीही होतें. आतां म्हणतें, ज्याचा दम पुरत नसेल त्यानें त्यांतून वर जावें, पण गुडघे धड असतील तर उतरावें पायऱ्यांनींच.

आतां ज्या गोष्टीसाठीं लेखणी उचलली ती सांगतें. आपल्याकडे गडाच्या पायथ्याशीं एक वाक्य नेमानें उच्चारलें जातें: "आई, तू इथेंच बस, आम्ही वर जाऊन येतो." यांत दुष्टपणा तिळमात्र नाहीं, असलेंच तर प्रेम आहे, आणि म्हणूनच हें वाक्य इतकीं वर्षें निर्वेध चाललें आहे. आरंभीं मुलें लहान म्हणून मी बसलें, मग सासूबाईंना सोबत म्हणून बसलें, मग गुडघे कुरकुरतात म्हणून बसलें. सत्तावन्नाव्या वर्षीं आतकरवाडीच्या एका दगडावर पांच पिशव्या व दोन छत्र्या राखीत बसलें असतां एकाएकीं ध्यानांत आलें कीं, रक्तांतल्या साखरेसाठीं डॉक्टरांनीं चालावयास सांगितलेली या कुटुंबांत मी एकटीच आहें, आणि बसलेलीही मी एकटीच आहें!

वयाबरोबर स्नायू झिजतात आणि पाळी गेल्यानंतर बायकांचीं हाडें झपाट्यानें विरळ होऊं लागतात, हें आतां कोणत्याही आरोग्यविषयक पुस्तकांत सांपडतें. भार पडल्यावांचून हाड बळकट राहत नाहीं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या सूचनांत आठवड्याला निदान दीडशें मिनिटें मध्यम श्रमाचा व्यायाम सांगितला आहे, आणि तो पासष्टीनंतरही चुकलेला नाहीं. उलट त्या वयांत तोल सांभाळण्याचा व्यायाम अधिकच सांगितला आहे. म्हणजे डोंगराची गरज सर्वांत ज्याला, त्यालाच आपण प्रेमानें खालीं बसवितों, आणि ज्या विसांतल्या पोरांना तो न चढला तरी चालेल तीं वर जातात.

आमच्या बायकांना झेपावयाचें नाहीं, असें म्हणणाऱ्यांनीं आषाढी वारींत दिवेघाटांत उभें राहून पाहावें. आळंदीपासून पंढरपुरापर्यंत सुमारें अडीचशें किलोमीटर चालणाऱ्या त्या दिंड्यांत डोक्यावर तुळस घेतलेल्या सत्तरीच्या म्हाताऱ्या असतात. कळसूबाई १६४६ मीटर उंच, महाराष्ट्रांत तिच्याहून उंच शिखर नाहीं. तिच्या लोखंडी शिड्या नवरात्रांत नऊवारी नेसलेल्या बायका देवीच्या दर्शनासाठीं चढून जातात. त्या कष्टाळू आणि आम्ही नाजूक, हें म्हणणें खरें असेल. पण नाजूकपणा कांहीं जन्माबरोबर आलेला नाहीं. मीं पर्वतीच्या एकशेंतीन पायऱ्यांपासून आरंभ केला. पहिल्या आठवड्यांत दोनदां बसावें लागे. तीन महिन्यांनीं सिंहगड अर्ध्यावर गांठला, आणि त्यानंतरच्या डिसेंबरांत पुरा. अडीच तास लागले. वाटेंत ताक विकणारी बाई "आजी, दमानं घ्या" म्हणाली. पण "बसा" म्हणाली नाहीं, याचें मला अजून कौतुक वाटतें. साखर किती उतरली तें सांगून मी कोणास भुलविणार नाहीं. गोळी चालूच आहे. परंतु भाजीची पिशवी घेऊन तिसरा मजला मधें न थांबतां चढतें, एवढें खरें.

दुसऱ्या टोकाच्या शूरांविषयींही बोललें पाहिजे. वर्षभर लिफ्टनें जाणारे चाळिशीचे गृहस्थ पावसाळ्यांतल्या एका रविवारीं नवे बूट घालून गर्दीबरोबर एखादा अवघड गड धापा टाकीत चढतात. सवय नसलेल्या शरीरानें एकाएकीं जबर श्रम केले तर हृदयविकाराच्या झटक्याचा धोका तेवढ्या वेळापुरता कित्येक पटींनीं वाढतो, आणि नियमानें व्यायाम करणाऱ्यांत ही वाढ फारच थोडी असते, असें या विषयाच्या अभ्यासांत आढळलें आहे. शिवाय व्यायाम सुटला कीं कमावलेला दम दोन-चार आठवड्यांत ओसरूं लागतो. तेव्हां डोंगरांतले पांच दिवस म्हणजे वर्षभराची तरतूद, असेंही कोणी समजूं नये. मला विचाराल तर अशा सुटीचा मुख्य उपयोग ती येण्यापूर्वींच होतो. मार्गशीर्षांत डोंगर चढावयाचा आहे हें एकदां ठरलें, म्हणजे भाद्रपदापासून माणूस पायऱ्या मोजूं लागतो. आणि सुटी मार्गशीर्षांतच हवी. मे महिन्यांतल्या उन्हांत सह्याद्रीचे उघडे कडे चढणें हा व्यायाम नव्हे, आत्मघात आहे. स्टोव्ह, डबे, मसाले असें निम्में स्वयंपाकघर बरोबर नेण्याची चालही सोडली पाहिजे, नाहींतर घरांतल्या बाईचा ओटा तेवढा बदलतो. डोंगराच्या पायथ्याच्या गांवांतून पैसे घेऊन पोटभर भाकरी-भाजी देणारीं घरें आतां पुष्कळ आहेत.

यंदा आम्ही भंडारदऱ्यास पांच दिवस जाणार आहों. पहिले दोन दिवस तळ्याकांठचें चालणें, तिसऱ्या दिवशीं कळसूबाई, मग एक दिवस विश्रांति, आणि पाय म्हणतील तर रतनगड. सूनबाईला दोन वर्षांचें मूल आहे. तें आळीपाळीनें पाठीवर घ्यावयाचें असें ठरलें असून पहिली पाळी त्याच्या बापाची आहे. यजमानांनीं गुडघ्याची सबब पुढें केली होती; त्यांना गेल्या महिन्यापासून पर्वतीवर नेतें आहें. पिशव्या बारी गांवांत जेथें जेवण सांगितलें आहे तेथल्या ओटीवर राहतील.