घर सोडलेला की घर सुटलेला?

दादरला किंवा कल्याणला फलाटाच्या टोकाशी, रुमाल नाकाला लावून बसलेला पोरगा दिसला की लोकलच्या दारातून कुणीतरी निकाल देऊन मोकळा होतो : ‘घर सोडून आलेली कार्टी! मुंबईचा नाद, दुसरं काय?’ मराठीत घर ‘सोडणं’ वेगळं आणि घर ‘सुटणं’ वेगळं. सोडणं ही आपली करणी, सुटणं ही आपल्यावर आलेली वेळ. हा निकाल पहिल्या क्रियापदावर उभा आहे, आणि तिथेच तो चुकतो.

मुंबईचा नाद नसतोच, असं मी म्हणत नाही. पण तो गावोगावच्या असंख्य पोरांना असतो आणि तरी ती घरीच राहतात. गाडीत चढतं ते पोर, ज्याला बिनतिकीट प्रवासापेक्षा घरातली रात्र भीतीची वाटते. सावत्र बापाचा पट्टा, रोजची दारू, हातात नापासाचा निकाल घेऊन उंबरठा ओलांडायची धास्ती. मुलींच्या बाबतीत ठरवून टाकलेलं लग्न. (मुली फलाटावर कमी दिसतात, कारण त्यांना ‘काम देतो’ म्हणणारं कुणीतरी आधीच गाठतं.)

रेल्वे सुरक्षा दलाने २०१८ साली देशभरात १७,११२ मुलांची सुटका केली. त्यातली १३,१८७ घरून पळालेली होती, ‘रस्त्यावरची’ अशी नोंद फक्त १३१ जणांची. स्थानकात सापडणारी मुलं नुकतीच आलेली असतात म्हणून आकडा असा दिसतो, असं कुणी म्हणेल. कबूल. माझंही म्हणणं तेच आहे. पहिल्या दिवशी कुणीच रस्त्यावरचं नसतं. पळून येणं एका रात्रीत होतं, रस्त्यावरचं व्हायला मात्र बरेच दिवस लागतात.

‘त्यांना काम नको, नशा हवी,’ हा दुसरा आक्षेप. यात आधी काय आणि नंतर काय, याचीच उलटापालट आहे. रुमालावरचं पंक्चरचं सोल्यूशन हुंगलं की भूक मरते आणि उघड्यावर झोपायची भीती बोथट होते. आणि काम? ही पोरं बाटल्या वेचतात, लग्नसराईत केटररकडे भांडी घासतात. पण पत्ता नाही म्हणून कागद नाहीत आणि कागद नाहीत म्हणून पक्की नोकरी नाही. त्यात १९५९ चा मुंबई भीक प्रतिबंधक कायदा. पोट कशावर भरतो ते दिसत नाही आणि सार्वजनिक जागी भटकतो, एवढ्यावरूनही माणूस त्यातल्या ‘भीक मागण्या’च्या व्याख्येत ओढला जाऊ शकतो. २०१८ साली दिल्ली उच्च न्यायालयाने यातली बरीच कलमं दिल्लीपुरती रद्द केली. जिच्या नावाने तो कायदा झाला, त्या मुंबईत तो कायम आहे.

राहिला तिसरा, सर्वांत सभ्य आक्षेप : ‘सोयी आहेत, यांनाच बंधन नको.’ सोयी आहेत खऱ्या. १०९८ ही मुलांसाठीची हेल्पलाइन १९९६ साली मुंबईतच सुरू झाली. सापडलेल्या मुलाला २४ तासांत बालकल्याण समितीपुढे न्यावं लागतं. पण पुढे पुष्कळदा त्याला घरी पोचवलं की फाइल बंद. पट्टा त्याच खुंटीला असतो. दुसऱ्यांदा पळालेला पोरगा खाकी दिसली की फलाट बदलतो.

जो बालगृहात टिकतो, शिस्तीत वाढतो, त्याचं काय? अठरा पूर्ण झाली की बालगृहाबाहेर. कायद्यात एकविसाव्या वर्षापर्यंत, अपवादात्मक स्थितीत तेविसाव्यापर्यंत, अनुरक्षणाची, म्हणजे बाहेर पडल्यावरच्या आधाराची, तरतूद आहे. केंद्र सरकारच्या मिशन वात्सल्य योजनेत त्यासाठी महिना ४,००० रुपये ठरवले आहेत. आपल्या घरातला पंचविशीचा मुलगा आईच्या हातचं जेवून स्पर्धा परीक्षेचा तिसरा प्रयत्न करतो, त्याला आपण होतकरू म्हणतो. ज्याचं कुणीच नाही, त्याने मात्र अठराव्या वाढदिवशी मुंबईत बिऱ्हाड मांडायचं. चार हजारांत कॉटबेसिसवर जागा मिळालीच, तर जेवणाचं काय? डिपॉझिट कुठून आणायचं? आणि घरमालकाने ‘गावाकडे कोण आहे? त्यांचा नंबर दे’ म्हटलं, तर नंबर कुणाचा द्यायचा?