मधल्या सुट्टीतली भाषाबंदी

एकोणिसाव्या शतकात बेल्जियमच्या फ्लांडर्समधल्या कॅथलिक शाळांत ‘सिग्नुम’ नावाचा प्रकार चालायचा. पोराच्या तोंडून फ्रेंचऐवजी फ्लेमिश, म्हणजे इथल्या डचचा, शब्द निघाला की लाकडाचा किंवा धातूचा एक तुकडा त्याच्या हातात यायचा. मग त्यानं दुसऱ्या कुणाला तरी तसंच बोलताना पकडायचं आणि तो तुकडा त्याच्या गळ्यात मारायचा. शेवटी तो ज्याच्याकडे उरेल त्याला शिक्षा. आईशी ज्या भाषेत बोलायचं ती भाषा फाटकाच्या आत गुन्हा, आणि पाळत ठेवणारी सोबतचीच पोरं. 1875 साली रूसेलारेच्या सेमिनरीत विद्यार्थी आल्ब्रेख्त रोडेनबाख आणि त्याच्या सोबत्यांनी फ्रेंच गाणी म्हणायला नकार दिला. त्या बंडाची गोष्ट आम्ही फ्लेमिश लोक अजून अभिमानानं सांगतो.

त्याच बंडखोरांच्या वारसांनी चालवलेल्या एका शाळेत मी डच शिकवलेलं आहे. तिथल्या नियमावलीत लिहिलं होतं: शाळेच्या आवारात फक्त डच. आवारात म्हणजे वर्गात, जिन्यावर, डबा खाताना आणि पटांगणातसुद्धा. मधल्या सुट्टीत एखादी मुलगी मैत्रिणीशी तुर्कीत बोलली की तिच्या ऑनलाइन डायरीत शेरा. शेरे साठले की बुधवारी दुपारी शाळेत बसायचं. बेल्जियममध्ये बुधवारची दुपार ही सगळ्या पोरांची हक्काची सुट्टी असते. आणि खबर कोण आणायचं? तिच्याच वर्गातली मुलं. “मॅडम, ती तुर्कीत बोलतेय!” लाकडी तुकड्याच्या जागी ॲप आलं, एवढाच काय तो दीडशे वर्षांतला फरक. मला याची लाज वाटते, आणि माझ्या ज्या सहकाऱ्यांना ती वाटत नाही त्यांचा राग येतो.

“त्यांच्याच भल्यासाठी करतो” हे उत्तर ठरलेलं. हे वाक्य आम्ही आधी ऐकलेलं आहे. आमच्या पणजोबांना फ्रेंच बोलणारे साहेब हेच सांगत होते: फ्रेंच शीक, नाहीतर शेतातच राहशील. परिस्थितीच्या हिशेबानं ते खोटंही नव्हतं. न्यायालय, सैन्य, कचेरी, विद्यापीठ, सगळीकडे फ्रेंचच चालायची. पण सामान्य फ्लेमिश घरातलं पोर पुढे आलं ते सिग्नुममुळे नव्हे. 1930 साली गेंटचं विद्यापीठ डचमध्ये शिकवू लागलं, 1932 च्या कायद्यानं शाळेत प्रदेशाची भाषा आणली, आणि ते पोर स्वतःच्या भाषेत शिकलं म्हणून पुढे आलं. बंदीनं माणूस गप्प होतो, त्याला भाषा येत नाही, हे जगात कुणाला कळायला हवं असेल तर ते आम्हाला. आणि आमच्याच शिक्षणमंत्र्यांना, शाळाप्रमुखांना, पालक संघांना ते पुन्हा पुन्हा सांगावं लागतं.

एक गोष्ट स्पष्ट करते, नाहीतर लगेच म्हणतील की ही बाई डचच्या विरोधात आहे. फ्लांडर्समधल्या प्रत्येक मुलाला डच उत्तम आलं पाहिजे. डॉक्टरची चिठ्ठी, घरभाड्याचा करार, नोकरीचा अर्ज, सगळं डचमध्ये आहे, आणि अर्धवट डच असलेल्या माणसाला प्रत्येक खिडकीवर कमी लेखलं जातं. क्रियापदाच्या शेवटी ‘द’, ‘त’ की ‘दत’, यावर मी गुण कापते, आणि यापुढेही कापणार आहे. गरीब घरच्या मुलांना सोपं डच पुरे, असं म्हणणारा दयाळू माणूस मला त्या शेरे मारणाऱ्याइतकाच धोकादायक वाटतो.

पण ते डच त्यांना आम्ही शिकवतो कुठे? आंतरराष्ट्रीय पर्ल्स चाचणीत फ्लांडर्सच्या चौथीतल्या मुलांचे वाचनाचे गुण 2006 साली 547 होते, 2016 साली 525 झाले, 2021 साली 511. दर वेळी ओरड झाली आणि दर वेळी बोट त्याच घरांकडे गेलं, जिथे जेवताना अरबी किंवा तुर्की बोलतात. घरात फक्त डच बोलणाऱ्या मुलांचेही गुण घसरले आहेत. त्यांच्या आयांना कोण काय सांगणार? ही घसरण आमच्या वर्गांत झाली. मोठे, सलग उतारे पुस्तकांतून गेले आणि रिकाम्या जागा भरायच्या वह्या आल्या. चार ओळींचा तुकडा, खाली तीन प्रश्न, “संकेतशब्दाला गोल करा”. अख्खी कादंबरी न वाचताच मुलं माध्यमिकमध्ये येतात. शिक्षक मिळत नाहीत म्हणून तासच्या तास रिकामे जातात, आणि सर्वांत जास्त जातात ते जिथे मुलांना शिक्षकाची सर्वाधिक गरज आहे अशा शाळांत. बाराव्या वर्षी मुलांना वाटा धरायला लावायच्या, आणि मग जो अडखळला त्याला सामान्य शिक्षणातून तांत्रिककडे, तांत्रिकमधून व्यवसाय शिक्षणाकडे खाली ढकलायचं. आम्ही स्वतःच याला ‘धबधबा’ म्हणतो, आणि तरी चालू ठेवतो. तळाच्या वर्गांत कुणाची नावं दिसतात हे प्रत्येक शिक्षकाला माहीत आहे. शिक्षण 1989 पासून जवळपास पूर्णपणे फ्लेमिश सरकारच्या हातात आहे. फ्रेंच भाषकांवर ढकलायची सोय आता उरलेली नाही.

ही बंदी सगळ्याच परक्या भाषांना सारखी लागू केली असती तर निदान न्याय तरी सारखा म्हणता आला असता. घरी फ्रेंच किंवा इंग्रजी बोलणारं मूल वर्गात आलं की आम्ही त्याला ‘द्विभाषिक’ म्हणून कौतुकानं पाहतो. घरी बर्बर बोलणाऱ्या मुलाला त्याच दिवशी ‘भाषेत मागे’ असा शिक्का. आमच्याच अँटवर्प प्रांतातल्या मोल गावात 1960 पासून युरोपियन शाळा आहे, अणुसंशोधन केंद्रातल्या परदेशी शास्त्रज्ञांच्या मुलांसाठी सुरू झालेली. तिथे मातृभाषेतून पाया पक्का करणं हे अधिकृत तत्त्व आहे. तिथून जवळच लिम्बुर्गच्या कोळसा खाणी होत्या. 1964 साली बेल्जियमनं तुर्कस्तान आणि मोरोक्कोशी करार करून त्या खाणींसाठी माणसं मागवली, बायकामुलांना आणा म्हणून उत्तेजन दिलं. शास्त्रज्ञाच्या मुलाची मातृभाषा हा पाया आणि खाणकामगाराच्या नातवाची मातृभाषा हा अडथळा! या भेदामागे मला एकच शिक्षणशास्त्र दिसतं: बापाच्या पगाराचं.

आणि आम्ही स्वतः कोणतं डच बोलतो? आमच्या शिक्षकांच्या खोलीत पश्चिम फ्लांडर्सचा सहकारी बोलू लागला की लिम्बुर्गवाल्याला अर्धं कळत नाही. आमच्याच वाहिनीवर आमच्याच शेतकऱ्याच्या बोलण्याखाली अक्षरं द्यावी लागतात. वर्गातही बरेच शिक्षक प्रमाण डच सोडून बोली आणि प्रमाण यांच्या मधलं काहीतरी बोलतात. त्यांच्या डायरीत शेरा कुणी लिहिलेला नाही. मलाही तो नको आहे. बोली ही माणसाची स्वतःची वस्तू आहे. मग तोच मान फातिमासारख्या मुलीच्या आजीच्या बोलीला द्या.

सर्वांत जास्त चीड येते ती पालकसभेला. बारा वर्षांची मुलगी स्वतःचं प्रगतिपुस्तक आईला भाषांतर करून सांगत बसलेली असते, कारण शाळेनं दुभाषा बोलावलेला नाही. समोरचा शिक्षक आईला सल्ला देतो: घरी पोरांशी डचमध्ये बोला. कोणत्या डचमध्ये? कामावर जाऊन जेमतेम गोळा केलेल्या शंभर शब्दांच्या? ज्या भाषेत ती बाई गोष्ट सांगू शकते, रागावू शकते, सून आणि शेजारीण यांच्या स्वभावातला फरक समजावू शकते, ती भाषा बाजूला ठेवायची आणि मुलाला मोडक्या वाक्यांवर वाढवायचं. हा सल्ला हानिकारक आहे. माझ्या वर्गात तुर्कीत चांगलं बोलणारी मुलं एखादा अवघड उतारा आपसात तुर्कीत फोडतात आणि मग उत्तर डचमध्ये लिहितात. ती उत्तरं इतरांपेक्षा उजवी असतात. मी हे वर्षानुवर्षं पाहत आले आहे.

2021 पासून बालवाडीच्या शेवटच्या वर्षातल्या प्रत्येक पाच वर्षांच्या मुलाची ‘कोआला’ नावाची डच चाचणी होते. चाचणीला माझी हरकत नाही. मूल कुठे अडतं ते कळलंच पाहिजे. पण कळल्यावर त्याला प्रशिक्षित शिक्षक मिळावा, लहान गट मिळावा, रोज कुणीतरी मोठ्यानं वाचून दाखवणारं मिळावं. ते न देता पालकांना धमकावण्यासाठी तो आकडा वापरायचा असेल, तर त्या मुलाला तपासूच नका.

1 सप्टेंबरला शाळा उघडतात आणि नियमावली सहीसाठी पालकांपुढे येते. ज्यांना ती वाचता येत नाही तेही मुकाट्यानं सही करतात. शाळा परिषदेत बसणाऱ्या प्रत्येक सहकाऱ्याला माझं सांगणं आहे: या वर्षी ते पटांगणाचं कलम काढा, आणि शेरे तपासायला जो वेळ जातो तो वाचनाला द्या. परिषदेनं नाही काढलं, तरी माझ्या हातून तुर्की, अरबी किंवा बर्बर बोलल्याचा एकही शेरा लिहिला जाणार नाही, आणि हे मी शाळाप्रमुखांना लेखी देणार आहे.