‘मॅजेस्टी’ कुणाची?

६ मे २०२३ रोजी लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये तिसऱ्या चार्ल्सचा राज्याभिषेक झाला. त्या दिवशी आपल्याकडील काही निवेदक ‘हिज मॅजेस्टी’ हे शब्द ज्या भक्तिभावाने उच्चारीत होते, तो पाहून हसावे की खेद करावा, हेच कळेना.

आपल्यातील काही उत्साही मंडळींचा रोग याच्या उलट. हा शब्द इंग्रजांनी संस्कृतातूनच उचलला, असे ते ठोकून देतात. क्षमा करावी, पण हा स्वाभिमान नव्हे, आळस आहे. मूळ शब्द लॅटिन, ‘माइएस्तास’. ‘माग्नुस’ म्हणजे मोठा, त्याच्या कुळातला. आपला ‘महत्’ आणि तो ‘माग्नुस’ ही एकाच पूर्वजाची लेकरे. भावंडाला अपत्य म्हणून मिरविण्याची संस्कृतला गरज काय?

खरी गोष्ट याहून उद्‌बोधक आहे. गणराज्याच्या काळात रोममध्ये ही थोरवी राजाची नव्हतीच. ती रोमन जनतेची होती. जनतेच्या थोरवीस उणेपणा आणणे, हा अपराध. पुढे सम्राट आले आणि जनतेची थोरवी त्यांनी स्वतःच्या अंगावर पांघरून घेतली. इ. स. २५ मध्ये टायबेरियसच्या राजवटीत क्रेमुटियस कॉर्डस या इतिहासकारावर याच कायद्याखाली आरोप झाला. अपराध कोणता? सीझरला मारणाऱ्या ब्रूटसची त्याने इतिहासग्रंथात प्रशंसा केली होती. त्याने अन्नत्याग करून प्राण सोडला; ग्रंथ जाळण्यात आले.

इतके वाचून मराठी वाचकाला काही आठवते की नाही? १८९७ च्या जूनमध्ये ‘केसरी’त शिवोत्सवाचा वृत्तान्त आला, अफझलखानाच्या वधाचे समर्थन आले, आणि लोकमान्य टिळकांना दीड वर्षाची सक्तमजुरी झाली. न्यायमूर्ती स्ट्रॅची यांनी तर ‘अप्रीती’चा अर्थ ‘प्रीतीचा अभाव’ असा लावला! म्हणजे परक्या सत्तेवर प्रेम न करणे, हाच गुन्हा. एवढ्यानेही समाधान झाले नाही. १८९८ च्या दुरुस्तीत कलम १२४-अ मध्ये सरकारच्या जोडीला ‘हर मॅजेस्टी’ हे शब्दही घालण्यात आले, आणि त्याच कलमाखाली १९०८ साली लोकमान्यांना सहा वर्षांची शिक्षा होऊन मंडाले दाखविण्यात आले. अठरा शतकांपूर्वीचा रोमन सम्राट मुंबईच्या न्यायासनावर बसावा, तसाच हा प्रकार.

खुद्द इंग्लंडातही ही पदवी फार जुनी नाही. आठव्या हेन्रीच्या काळापर्यंत तेथील राजाला प्रायः ‘ग्रेस’ किंवा ‘हायनेस’ म्हणत. ज्यांच्या घरीच हा शब्द उशिरा आला, त्यांच्या दाराशी आपण तो जपत बसावे?

सहाव्या जॉर्जने ‘हिंदुस्थानचा सम्राट’ ही पदवी २२ जून १९४८ रोजी सोडली. प्रजासत्ताक आल्यावर १९५० मध्ये ते ‘मॅजेस्टी’ही कलम १२४-अ मधून खोडण्यात आले. आमच्या निवेदकांच्या जिभेवरून मात्र ते अद्याप उतरलेले नाही.