'०२२'ची वेस ठाण्यापाशीच का थांबली?

मुंबई कोठे संपते, या प्रश्नाला महापालिकेचे उत्तर दहिसर, मुलुंड आणि मानखुर्द असे आहे. दूरध्वनीचे उत्तर वेगळे. '०२२' हा संकेतांक ठाणे, नवी मुंबई आणि मीरा-भाईंदरलाही मिळाला. कल्याण-डोंबिवली मात्र '०२५१'मध्ये, तर वसई-विरार '०२५०'मध्ये राहिले.

रेल्वे १८५३ मध्ये ठाण्याला आणि पुढच्याच वर्षी कल्याणला पोहोचली. दूरध्वनीला हे अंतर कापता आले नाही. एसटीडीची क्षेत्रे साधारणपणे तालुक्याच्या हद्दी पाहून आखली गेली, लोकलचे वेळापत्रक पाहून नव्हे. त्यात १९८६ मध्ये मुंबई 'एमटीएनएल'कडे गेली आणि कल्याण दूरसंचार खात्याकडे, पुढे 'बीएसएनएल'कडे राहिले. रोज मुंबईत नोकरीला येणाऱ्या डोंबिवलीकराला घरी फोन करायचा तर शून्य फिरवावा लागे, आणि कचेरीतल्या फोनला बहुधा एसटीडीचे कुलूप असे. नंतर शून्याऐवजी '९५' फिरवण्याची सवलत आली. '९५२५१' हे आकडे त्या काळात अनेकांना पाठ होते.

गंमत अशी, की भ्रमणध्वनीच्या परवान्यात मुंबई, नवी मुंबई आणि कल्याण हे पहिल्यापासून एकच सेवाक्षेत्र मानले गेले. एकाच सरकारच्या दोन नकाशांत डोंबिवली एकदा मुंबईबाहेर होती आणि एकदा मुंबईत!

आता या दुसऱ्या नकाशाची सरशी होण्याची चिन्हे आहेत. संकेतांकांवर आधारलेली जुनी क्षेत्रे मोडून लॅण्डलाइनचे क्रमांकही परवान्याच्या सेवाक्षेत्रानुसार द्यावेत, अशी शिफारस 'ट्राय'ने फेब्रुवारी २०२५ मध्ये केली. वापरात नसलेले क्रमांक त्यामुळे मोकळे होतील. सध्याचे क्रमांक बदलणार नाहीत. परंतु लॅण्डलाइनवरून लॅण्डलाइनला, अगदी शेजारच्या इमारतीत फोन करतानाही शून्य आणि संकेतांक लावावा लागेल.

क्रमांकांची टंचाई पाहता शिफारस रास्तच आहे. तिचा जाच मात्र लॅण्डलाइन न सोडलेल्यांना होईल. त्यात वृद्ध अधिक. जानेवारी २०२१ पासून लॅण्डलाइनवरून मोबाइलला फोन करताना शून्य लावण्याची सक्ती झालीच आहे. त्यात ही दुसरी सवय. शिवाय सोसायट्यांचे फलक, दवाखान्यांच्या चिठ्ठ्या आणि दुकानांच्या पाट्या यांवर मुंबईत आजही अनेक ठिकाणी केवळ आठ आकडे लिहिलेले असतात. नवी पद्धत लागू करण्यापूर्वी ही माहिती घरोघरी पोहोचवण्याचे काम कंपन्यांना करावे लागेल आणि त्यासाठी केवळ मोबाइलवर संदेश धाडून भागणार नाही.