जुनी गाडी, नवी बॅटरी : अर्धवट रूपांतर नको

गोल्फच्या मैदानासाठी जन्मास आलेली विजेची छोटी गाडी आज आपल्याकडे मैदानापेक्षा इतरत्रच अधिक दिसते. रेल्वेच्या फलाटावर ती वृद्धांची सोय करते. कारखान्याच्या आवारात, गोदामात आणि मंगल कार्यालयात ती माल व माणसे वाहते. तिचा सांगाडा व मोटर निगा राखल्यास पुष्कळ वर्षे टिकतात. आधी थकतात त्या आसनाखालच्या शिशाच्या बॅटऱ्या. मग मालकापुढे प्रश्न उभा राहतो : पुन्हा शिसेच घालावे, की लिथियम बसवावे? आमचे मत असे की, गाडी रोज राबत असेल तर लिथियम अवश्य बसवावे. परंतु ते पुरते बसवावे. अर्धवट रूपांतरापेक्षा जुने शिसे बरे.

प्रथम हिशेब पाहू. शिशाची बॅटरी १८५९ साली गास्ताँ प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञाने सिद्ध केली आणि आजवर तिने जगाची मोठी सेवा केली आहे. ४८ व्होल्टच्या गाडीत बहुधा आठ व्होल्टच्या सहा बॅटऱ्या असतात. त्यांचे वजन सुमारे १७५ किलो भरते. १७० अँपियर-तासांच्या या संचात कागदावर आठ युनिट वीज मावते. पण निम्म्याहून अधिक वारंवार वापरल्यास आयुष्य झपाट्याने घटते. म्हणजे हाती येतात चारच युनिट. उलट, लिथियम आयर्न फॉस्फेटचे ३.२ व्होल्टचे सोळा घट जोडून ५१.२ व्होल्टचा संच होतो. १०५ अँपियर-तासांच्या अशा संचाचे वजन सुमारे ५० किलो असून चार दशांश तीन युनिट वीज तो निर्धास्तपणे देतो.

आता आयुष्य धरा. शिशाचा संच सातशे वेळा भरला-रिकामा झाला असे मानले, तर एकूण २,८०० युनिट मिळतात. लिथियमचा संच अडीच हजार वेळा चालला, तर १०,७५० युनिट मिळतात. सबब तिपटीहून थोडी अधिक किंमत मोजली तरी युनिटमागे नुकसान नाही. शिवाय डिस्टिल्ड वॉटर घालण्याची दगदग वाचते, आणि चार्जिंगमध्ये वाया जाणारी वीजही कमी होते. मात्र आठवड्यातून एकदोनदाच निघणाऱ्या गाडीस हा हिशेब लागू पडत नाही. तेथे अडीच हजार फेऱ्या पूर्ण होण्यापूर्वीच बॅटरीचे वय संपते. उधारीचे व्याज धरणाऱ्या व्यापाऱ्याने हेही धरावे.

परंतु खरा तोटा होतो तो बसविण्यात. "जुन्या जागी नवी ठेवा, बाकी काही बदलू नका," असे सांगणारे विक्रेते भेटतात. हे सांगणे बरोबर नाही. जुना चार्जर शिशासाठी शेवटी साठ व्होल्टच्या वर दाब नेऊ शकतो. या लिथियम संचाची कमाल मर्यादा ५८.४ व्होल्ट आहे. तेव्हा चार्जर बदललाच पाहिजे. जुना दर्शक व्होल्टवरून साठा ओळखतो; लिथियमचा दाब शेवटपर्यंत जवळजवळ सारखाच राहतो, म्हणून काटा "भरलेली" दाखवीत असतानाच गाडी थांबते. दिवे व भोंगा पूर्वी एकदोन बॅटऱ्यांवरून घेतलेले असतात. नव्या संचात त्यांसाठी १२ व्होल्टचा वेगळा कन्व्हर्टर लागतो.

सर्वांत गंभीर बाब प्रवाहाची. भरलेली गाडी चढावर निघताना कंट्रोलर दोनशे-तीनशे अँपियर मागू शकतो. बॅटरीवर पहारा ठेवणारी बी.एम.एस. यंत्रणा शंभर अँपियरचीच असेल, तर ती स्वतःच्या रक्षणार्थ वीज तोडते आणि गाडी माणसांसकट चढावर उभी राहते. अशा वेळी केवळ ब्रेकचाच आधार. स्वस्त संचात वाचलेले रुपये एका अपघाताने कितीपट जातील, याचा विचार सुज्ञांनी करावा.

म्हणून विकणाऱ्या बांधवांस विनंती की, त्यांनी पावतीवर चार गोष्टी लिहून द्याव्यात : युनिटमध्ये क्षमता, सतत मिळणारा प्रवाह, क्षणभर मिळणारा कमाल प्रवाह आणि हमीची मुदत व अटी. घेणाऱ्यांनीही त्या लेखी मिळाल्याखेरीज पैसे मोजू नयेत. तोंडी हमीवर एकदा माल खपतो. लेखी हमीवर पेढी चालते.

शेवटी जुन्या शिशाविषयी. पावणेदोनशे किलो भंगाराला दर चांगला येतो, आणि जो अधिक देईल त्याला देण्याचा मोह होतो. पण उघड्यावर बॅटऱ्या फोडून शिसे वितळविणाऱ्या भट्टीची धूळ तेथील मजुरांच्या व त्यांच्या मुलांच्या रक्तात जाते. बालकांच्या मेंदूची त्याने होणारी हानी भरून येत नाही. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार वापरणाऱ्यानेही जुनी बॅटरी इतर कचऱ्यापासून वेगळी ठेवून संकलन वा पुनर्चक्रण करणाऱ्या योग्य संस्थेकडेच सोपविली पाहिजे. किलोमागे चार रुपये कमी आले तरी नोंदणीकृत पुनर्चक्रण करणाऱ्यासच माल द्यावा आणि पावती जपून ठेवावी. नवी बॅटरी बसली, चार्जर बदलला, आणि जुने शिसे योग्य हाती गेले, म्हणजेच रूपांतर पुरे झाले असे समजावे.