सावध खेळा, पण मशाल जळते आहे

डंजन्स अँड ड्रॅगन्स खेळताना बंद दार दिसलं की पार्टी, म्हणजे खेळाडूंच्या पात्रांची टोळी, थांबते. एक जण दाराला कान लावतो, दुसरा दहा फुटी काठीने फरशी ठोकून बघतो, तिसरी छत तपासायला घेते. मग कुलूप, मग बिजागऱ्या. दाराआड काहीच नसतं. पुढच्या दाराशी हे सगळं पुन्हा पहिल्यापासून. संध्याकाळभरात चार खोल्या होतात आणि डीएम, म्हणजे खेळ चालवणारा, खेळाडूंना भित्रे ठरवून मोकळा होतो. मला हा आरोप अन्यायाचा वाटतो. महिनोन्‌महिने जपलेलं कॅरेक्टर एका ट्रॅपमध्ये मरणार असेल, तर जपून पाऊल टाकणं म्हणजे खेळ नीट खेळणंच. अशा टेबलावर सावधपणा फुकट मिळत असतो, आणि फुकटची गोष्ट शहाणा खेळाडू कशाला सोडेल?

ही भीती शिकवली कोणी, तेही बघायला हवं. या खेळाचे एक निर्माते गॅरी गायगॅक्स यांचं ‘टूम ऑफ हॉरर्स’ हे साहस १९७५ साली बाल्टिमोरच्या ओरिजिन्स संमेलनात स्पर्धेसाठी आलं आणि १९७८ साली छापलं गेलं. त्यातला भिंतीवरचा हिरवा सैतानी चेहरा प्रसिद्ध आहे: उघड्या तोंडात जो शिरतो तो कायमचा नाहीसा होतो. हे साहस अनुभवी खेळाडूंची कसोटी घेण्यासाठी रचलेलं होतं. स्पर्धेत वेळ मोजलेला असतो. पुढे घराघरांत अशाच धाटणीचे ट्रॅप आले, पण वेळेचं बंधन आलं नाही. मग प्रत्येक दगड काठीने टोचून बघण्याची सवय लागली, यात नवल नाही.

डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या जुन्या नियमांत मात्र या सवयीवर नेमका उतारा होता. टॉम मोल्डवे यांनी संपादित केलेला १९८१ सालचा बेसिक संच काढून बघा. तिथे डंजनमधला वेळ दहा मिनिटांच्या ‘टर्न’मध्ये मोजतात. मशाल सहा टर्न जळते. दर दोन टर्नांनी डीएम सहा बाजूंचा फासा टाकतो आणि १ पडला की भटका राक्षस येतो. म्हणजे एका मशालीच्या उजेडात तीन फासे पडतात आणि निदान एकदा गाठ पडण्याची शक्यता सुमारे ४२ टक्के असते. गुप्त दारासाठी दहा फूट लांब-रुंद जागा शोधायला एक टर्न लागतो. तीस बाय तीसची खोली एकट्याने शोधायची तर नऊ टर्न, म्हणजे दीड तास आणि दीड मशाल. चौघांनी मिळून शोधली तर काम तीन टर्नांत उरकतं, पण मग दाराशी पहारा कोण देणार? त्यात अनुभवगुण मुख्यतः खजिन्यातून मिळतात, आणि भटक्यांकडे खजिना जवळपास नसतोच. त्यांच्याशी लढणं हा निव्वळ तोटा. सगळी खोली शोधायची की नुसती ती संशयास्पद भिंत, हा प्रश्न अशा वेळी खरा होतो.

पुढच्या आवृत्त्यांनी सावधपणाची ही किंमत उतरवत नेली. २००० सालच्या तिसऱ्या आवृत्तीत ‘टेक ट्वेंटी’ (फाशावर वीस पडले असं धरणं) म्हटलं की पाच फूट लांब-रुंद जागेचा सर्वोत्तम शोध दोन मिनिटांत पुरा होतो. २०१४ सालच्या पाचव्या आवृत्तीत ‘लाइट’ हा मंत्र हवा तितक्या वेळा टाकता येतो, त्यामुळे मशालींची मोजदाद संपली. उजेड अमर्याद आणि वेळ स्वस्त. मग घाई करावी तरी कशासाठी?

हा झाला खेळातला वेळ; आपल्या टेबलावरचा खरा वेळ मात्र वेगळ्या उपायाने वाचतो. पार्टीने आपली ठरलेली पद्धत एकदाच सांगावी: पुढे कोण, काठी कोणाकडे, दारापाशी कान कोण लावणार. डीएमने ती लिहून घ्यावी आणि प्रत्येक दाराशी ती घडलीच असं धरावं. ‘तू छत बघतो म्हणाला नव्हतास’ असं म्हणून कॅरेक्टर मारणारा डीएम पुढच्या दहा सेशन्सचा वेळ स्वतःच्या हाताने घालवतो. ट्रॅपची खूण दिसली पाहिजे: जळकी फरशी, अर्धवट चिरडलेला सांगाडा, एकाच कोपऱ्यात नसलेली धूळ. आणि किंमत आधी सांगितली पाहिजे: ‘दहा मिनिटं जातील, करायचं?’

२०२३ साली आलेल्या ‘शॅडोडार्क’ या खेळात केल्सी डिऑन यांनी मशाल थेट खऱ्या घड्याळाला जोडली. तासभर खेळलात की अंधार. वेग येतो, हे कबूल. तरीही मला ही युक्ती अर्धीच पटते. नियम समजून घेत, विचार करत बोलणाऱ्या नव्या खेळाडूवर त्या घड्याळाचा भार सर्वांत जास्त पडतो, आणि मोठ्याने बोलणारे टेबल ताब्यात घेतात. त्यापेक्षा मी कागदावर सहा चौकोन काढून टेबलाच्या मधोमध ठेवतो आणि प्रत्येक टर्नला सर्वांसमोर एक खोडतो. चौथा चौकोन खोडला की खेळाडू आपणहून भांडू लागतात: ही भिंत सोडू या की एवढी एक बघूनच जाऊ या? ते भांडण कितीही लांबलं तरी मी मध्ये पडत नाही.