विणकामाच्या सुयांचा खटला आणि महाडचे संगणक

महाड : विणकामाच्या सुया बनविणाऱ्या एका कंपनीच्या तक्रारीवरून सुरू झालेला वाद महाडच्या बाजारपेठेत लग्नपत्रिका जुळविणाऱ्या दुकानदारापर्यंत पोहोचावा, हे वरकरणी विचित्र वाटेल. परंतु २० मे २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ‘निट प्रो इंटरनॅशनल’ प्रकरणात दिलेल्या निकालाचे तसेच झाले आहे. कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३ खालील गुन्हा दखलपात्र व अजामीनपात्र आहे, असे न्या. एम. आर. शहा आणि न्या. बी. व्ही. नागरत्ना यांच्या खंडपीठाने स्पष्ट केले. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये याच प्रकरणातील गुन्हा रद्द केला होता. तो निर्णय यामुळे बाजूला पडला. मुंबई उच्च न्यायालयाने आदल्याच वर्षी हा गुन्हा अजामीनपात्र ठरविलेला असल्याने महाराष्ट्रापुरता धक्का तसा कमी होता.

वाद होता तो दोनच शब्दांचा. कलम ६३ मध्ये शिक्षा किमान सहा महिने आणि ‘तीन वर्षांपर्यंत’ आहे. तीन वर्षांहून कमी शिक्षेचे गुन्हे जामीनपात्र, तीन वर्षे व त्यापुढचे अजामीनपात्र, असा फौजदारी प्रक्रियेचा सर्वसाधारण नियम. मग ‘तीन वर्षांपर्यंत’ हे कोणत्या रकान्यात बसवायचे? पुरी तीन वर्षे देता येत असतील तर गुन्हा वरच्या रकान्यातला, असे न्यायालयाने म्हटले. जुलै २०२४ पासून फौजदारी प्रक्रिया संहितेची जागा भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने घेतली. तिच्यातही हीच विभागणी कायम राहिल्याने निकालाचे महत्त्व कमी झालेले नाही.

कायद्याच्या लेखी संगणकप्रणाली ही ‘साहित्यकृती’च आहे. प्रणालीच्या प्रती काढून विकणारा, किंवा नव्या संगणकावर ती ‘फुकट’ भरून देणारा विक्रेता कलम ६३ च्या कक्षेत सहज येतो. बेकायदा प्रत जाणूनबुजून वापरणाऱ्यासाठी कलम ६३-ब स्वतंत्र आहे. त्यात किमान सात दिवस ते तीन वर्षे कैद आणि ५० हजार ते दोन लाख रुपये दंड आहे. निकाल कलम ६३ पुरता असला, तरी शिक्षेची कमाल मर्यादा तीच असल्याने तोच युक्तिवाद येथेही पुढे केला जाईल, हे उघड आहे. मात्र वापर नफ्यासाठी वा धंद्यात झालेला नसेल, तर कैद टाळून केवळ दंड करण्याची मुभा न्यायालयाला आहे. घरच्या संगणकावर पोराने उतरविलेला खेळ आणि दुकानातील चोरीचे पॅकेज यांत कायदा फरक करतो, ही गोष्ट या चर्चेत सहसा कोणी सांगत नाही.

निकालावर अपेक्षेप्रमाणे दोन सूर उमटले. हक्कधारकांच्या बाजूचे वकील समाधानी होते. दिवाणी दाव्याला वर्षे लागतात, पोलिसांची भीती असली तरच चोरी थांबते, असे त्यांचे म्हणणे. दुसऱ्या बाजूला, खऱ्या आणि नकली प्रतीतला फरक ठाण्यातील अंमलदाराने कसा ओळखायचा, हा प्रश्न कायद्याच्या अभ्यासकांनी विचारला. तो रास्तच आहे. कलम ६४ प्रमाणे उपनिरीक्षक दर्जाचा अधिकारीही वॉरंटाविना प्रती जप्त करू शकतो. महाड किंवा पोलादपूरच्या माणसाला अटकपूर्व जामीन हवा असेल, तर माणगावचे सत्र न्यायालय गाठावे लागते. ज्याचा धंदा एका संगणकावर चालतो, त्याला निकालाआधीच शिक्षा भोगल्यासारखे होते.

तालुक्याच्या गावातील वास्तव निराळेच असते. पत्रिका, फलक, व्हिजिटिंग कार्ड यांसाठी चित्रांचे पॅकेज लागते, मराठी अक्षरांसाठी दुसरे, हिशेबासाठी तिसरे, आणि औद्योगिक वसाहतीतील लहान कारखान्याच्या आराखड्यांसाठी आणखी एक. साऱ्यांचा रीतसर परवाना घ्यायचा तर यंत्रापेक्षा प्रणालीच महाग पडू शकते. म्हणून चोरी क्षम्य ठरते असे नव्हे. पुण्यातील कंपन्यांनी मराठी अक्षरांचे संच घडविण्यात वर्षे घालविली आहेत, आणि त्यांच्या फुकट प्रती हातोहात फिरतात तेव्हा नुकसान आपल्याच भाषेतील कारागिराचे होते. परदेशी कंपनीवर राग काढणारे हे सोयीस्कररीत्या विसरतात.

महाडपुरता एक प्रश्न मात्र खास आहे. २२ जुलै २०२१ च्या महापुरात बाजारपेठेतील दुकाने बुडाली. संगणकांबरोबर खरेदीच्या पावत्या, मूळ तबकड्या आणि काही पॅकेजांना लागणारी छोटी कुलपेही चिखलात गेली. पैसे मोजून प्रणाली घेतलेल्या माणसाकडे आता पुरावा काय? कलम ५२ येथे कामी येते. कायदेशीर प्रत बाळगणाऱ्याला नाश वा नुकसानीपासून तात्पुरते संरक्षण म्हणून राखीव प्रत करून ठेवता येते, अट एवढीच की वापर मूळ हेतूपुरताच व्हावा. पण ही राखीव प्रत त्याच दुकानातील कपाटात असेल, तर सावित्रीच्या पाण्याला मूळ आणि नक्कल यांतला भेद कळत नाही. पावतीचे छायाचित्र आणि परवान्याचा क्रमांक ई-मेलवर पाठवून ठेवण्याचा खर्च शून्य आहे. पोलिसांसमोर ‘जाणूनबुजून’ या शब्दाचे उत्तर देताना तोच कागद उपयोगी पडेल.

मुक्त प्रणालींचा मार्गही आहे. मुंबईच्या ‘एक टाइप’ने घडविलेली ‘मुक्त’ आणि ‘बलू’ ही देवनागरी अक्षरे कोणालाही विनामूल्य वापरता येतात, लिबरऑफिस आणि इंकस्केपही तशीच. अडचण सवयीची, आणि जुन्या पद्धतीच्या फॉण्टमध्ये साठविलेल्या फायलींची आहे. दहा वर्षांच्या पत्रिकांचे नमुने युनिकोडमध्ये आणायचे तर हंगामाचे दिवस जातात. शिवाय छपाईवाला जुन्याच स्वरूपातील फाइल मागतो, तेव्हा एकट्या दुकानदाराने बदलून भागत नाही.